सागरी गोगलगायी, नग्नक्लोम

मॉलस्का संघाच्या गॅस्ट्रोपोडा वर्गातील कवचहीन सागरी प्राण्यांचा गट. प्रौढावस्थेत यांना शंख नसतो व पुष्कळ जातींचे क्लोम (कल्ले) शरीरावर उघडे असतात. त्यावरून झॉर्झ क्यूव्ह्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१७ मध्ये गटाला हे नाव दिले. सुमारे ३,००० जाती ज्ञात असून आकर्षक रंगांसाठी त्या प्रसिद्ध आहेत. त्यांचा प्रसार सर्व समुद्रांत असला, तरी विपुलता सर्वत्र सारखी नाही.

या फरकाचे ज्ञान हळूहळू होत गेले. मद्यार्कात ठेवल्यास या प्राण्यांचे रंग नाहीसे होतात व शरीर आकसते. त्यामुळे जिवंतपणी काढलेल्या रंगीत चित्रांखेरीज जाती ओळखणे कठीण असे. साहजिकच जेथे निरीक्षक होते, तेथील जाती आधी ज्ञात झाल्या. जोशुआ ऑल्डर व ऑल्बनी हॅन्कॉक यांचा ब्रिटिश जातींवरील सचित्र ग्रंथ १८४५–५५ या काळात प्रसिद्ध झाला. ई. एफ्. केलार्ट यांनी श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथील जातींची वर्णने १८५८ पासून दिली. वॉल्टर एलियट यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर जमविलेल्या संग्रहावर ऑल्डर व हॅन्कॉक यांनी १८६४ मध्ये लेख लिहिला. पुढे डॅनिश वैद्य रूडॉल्फ बर्ग यांनी फिलिपीन्समधील नमुन्यांची अंतर्रचना अभ्यासली, तर चार्ल्स एलियट यांनी झांझिबार, श्रीलंका आणि सौराष्ट्रातील ओखामंडळ (१९०९) येथील जातींचे विवेचन केले. उष्ण कटिबंधीय समुद्र अधिक समृद्ध आहेत, हे या कार्यामुळे स्पष्ट झाले.

सर्वाधिक जाती हिंदी व पश्चिम पॅसिफिक महासागरांच्या उष्ण भागांत, विशेषतः फिलिपीन्स, इंडोनेशिया व न्यू गिनी यांच्या परिसरात आढळतात. अनेक जाती ठराविक स्पंज, हायड्रॉइड किंवा तत्सम स्थिर प्राण्यांवरच उपजीविका करतात. म्हणून प्रवाळभित्तींवर भक्ष्याच्या विविधतेबरोबर त्यांची विविधताही वाढते. तथापि जातिसंख्या व प्राणिसंख्या या भिन्न बाबी आहेत. थंड किनाऱ्यांवर जाती कमी असल्या, तरी बार्नेकल खाणारी ऑंकिडोरिस बायलॅमेलाटा  ही जाती तेथे कधीकधी फार मोठ्या संख्येने एकत्र आढळते.

एकाच प्रदेशातही विपुलता स्थिर नसते. बर्ग यांनी १८७९ मध्ये वर्णिलेली निळ्या-पिवळ्या रंगांची फेलिमारे कॅलिफोर्निएन्सिस  ही जाती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण कॅलिफोर्नियात परिचित होती. १९८४ पर्यंत ती तेथून नाहीशी झाली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मात्र टिकून राहिली आणि २००३ पासून कॅलिफोर्नियात पुन्हा दिसू लागली. ओकेनिया रोझेसिया  ही गुलाबी जाती १९९८ व २०१५ च्या सुमारास, समुद्र उबदार असताना, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात विपुल झाली. अल्प आयुष्य व प्रवाहांबरोबर वाहणारे डिंभ यांमुळे हे प्राणी सागरी बदलांना त्वरित प्रतिसाद देतात. मात्र एखादी जाती नाहीशी झाल्याचे कळण्यास ती पूर्वी तेथे होती याची नोंद लागते. भारतीय किनाऱ्यांवरील जुन्या वर्णनांचे व चित्रांचे महत्त्व यातच आहे. [⟶ मॉलस्का].