केशरी पेटीवरचा बूट

डोकं सांभाळा. पायऱ्या मोजक्याच आहेत, पण फुटपाथवरचं बर्फाचं पाणी तुमच्या बुटांबरोबर खाली आलंय आणि उतार निसरडा झालाय. हं, आता दार ढकला.

कुठे आलोत ते आधी नाकाला कळतं. शिळी बिअर, ओल्या लोकरी कोटांचा कुबट वास, सिगारेटचा धूर (न्यूयॉर्कच्या बारमध्ये धूम्रपानबंदी यायला अजून अकरा वर्षं आहेत, डोळे चोळत बसा), आणि या सगळ्यांना पुरून उरणारा पॉपकॉर्नचा खमंग दरवळ. साल 1992, हिवाळा, सोमवारची रात्र. जागेचं नाव 55 बार आणि पत्ताही तोच: 55, ख्रिस्तोफर स्ट्रीट, ग्रीनिच व्हिलेज. 1919 पासूनचा गुत्ता. सव्वा डॉलरचं टोकन टाकून तुम्ही सबवेने आलात, वाट थोडी वाकडी करून व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबचं लाल छत बघून घेतलंत. तिथे दर सोमवारी बिग बँड वाजतो. पण आपल्याला वाजवणारी तीनच माणसं हवी आहेत.

खोली म्हणजे चाळीतलं लांबट बिऱ्हाड. छत ठेंगणं, उजेड बेताचा. भिंतीला चिकटलेलं ते स्टूल पकडा, नाहीतर पुढचे दोन तास एका पायावर काढावे लागतील. वादक तुमच्यापासून हातभर अंतरावर. तुमचा गुडघा अॅम्प्लिफायरला लागतोय, आणि त्यातून येणारी ऊब पँटमधून थेट हाडापर्यंत पोचतेय. बाहेर गोठवणारी थंडी, इथे मानेवर घाम. कोट काढायचा तर कोपर शेजाऱ्याच्या ग्लासात जाणार. राहू द्या, घामच बरा.

तो आला. काळा टी-शर्ट, खांद्यावर रुळणारे केस, चेहऱ्यावर शाळेला सुट्टी लागल्यासारखं हसू. माइक स्टर्न. गळ्यात टेलिकास्टरच्या घडणीची गिटार. 1981 मध्ये जॅझचा ट्रम्पेटवाला मायल्स डेव्हिस बऱ्याच वर्षांच्या मौनानंतर परतला, तेव्हा त्याच्या बँडमध्ये कर्कश, रॉकच्या अंगाने वाजवणारा गिटारवाला हाच. मायल्सने त्याला ‘फॅट टाइम’ असं टोपणनाव दिलं आणि त्या नावाची एक रचना रेकॉर्डवरही घातली. जगभर मोठ्या सभागृहांत वाजवणारा हा माणूस न्यूयॉर्कमध्ये असला की सोमवारी आणि बुधवारी या तळघरात येतो.

शेजारच्या स्टुलावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आहेत. हाताची घडी, ओठ मुडपलेले. हा चेहरा तुम्ही ओळखता. आपल्याकडे नाट्यगीतं गाऊन टाळ्या घेणाऱ्या गायकाकडे ‘विलंबित झेपेल का याला?’ अशा नजरेने बघणारे पहिल्या रांगेत बसलेले असतात ना, त्यांचाच हा मावसभाऊ. यांच्या लेखी फ्युजन, म्हणजे जॅझमध्ये रॉक मिसळणं, हा निव्वळ गोंगाट. पायाखालचं आवाज फाडणारं पेडल काढून घ्या, मग बघू.

आणि पहिल्याच चीजेला पेडल बाजूला. ‘देअर इज नो ग्रेटर लव्ह’. जुनं, हजारदा वाजवलेलं गाणं, बत्तीस बारांचं. बेसवाला चार-चार ठोक्यांची चाल धरतो, एकेक सूर पावलासारखा टाकत. तो सूर कानात शिरण्याआधी स्टुलाच्या पायातून पोटात शिरतो. ड्रमरची काठी झांजेवर टिंग, टिंगटि-टिंग. गिटार मऊ, गोल, किंचित ओलसर. आवाज दोन अॅम्प्लिफायरमधून विभागून येतोय, म्हणून एकाच गिटारीला स्वतःचीच सावली पडल्यासारखी वाटते.

आता मात्रा मोजा. बत्तीस बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचं आवर्तन. प्रत्येक बार-दोन बारांना स्वरसंगती बदलते आणि त्याची ओळ त्या बदलाच्या उंबऱ्यावर अचूक पाय ठेवून पुढच्या खोलीत जाते. एका कॉर्डवर दहा मिनिटं वेगाने धावणं वेगळं. इथे धावता धावता दर दोन पावलांवर दार बदलतंय आणि एकदाही कपाळ आपटत नाही. चार्ली पार्करच्या घराण्याची, बीबॉपची बोली ही. मागच्या भिंतीला टेकलेली पोरं, बहुधा संगीताचे विद्यार्थी, मांडीवर बोटं हलवत ती ओळ पकडू बघताहेत. सुटली. पुन्हा सुटली.

मग ड्रमरशी सवाल-जवाब. चार बार गिटार, चार बार ड्रम. चार बार म्हणजे सोळा मात्रा, हिशेब आपल्या तीनतालाचाच. तुमचा हात आपोआप मांडीवर टाळी-खाली धरतो. दाढीवाल्यांच्या हाताची घडी सुटलीय. मान हलली. तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं, बोलू नका.

त्याच्या पायाशी केशरी रंगाची एक छोटी पेटी आहे, डिस्टॉर्शनची. तिसऱ्या गाण्यात, सोलो सात-आठ आवर्तनं चढत गेल्यावर, बूट तिच्यावर पडतो. खाट्! छाती दणाणते, बाटल्या थरथरतात, पॉपकॉर्नची टोपली टेबलावर सरकते. पण नीट ऐका. ओळ तीच आहे! तेच उंबरे, तीच दारं, तीच बीबॉपची वळणं. कुजबुजणारा माणूस आता गच्चीवरून ओरडतोय एवढंच. दोन वेगळे वादक एका कातडीत राहतात असं मला कधीच वाटलं नाही. या वर्षीच त्याने स्टँडर्ड्सची, म्हणजे असल्या जुन्या गाण्यांची, आख्खी रेकॉर्ड काढलीय, तेव्हा लोकांना नवल वाटलं. सोमवारी इथे बसणाऱ्यांना वाटलं नसावं.

तुमची नजर त्याच्या उजव्या हातावर खिळलीय. मला कळतंय का ते. 2016 मध्ये हा माणूस न्यूयॉर्कमध्येच रस्त्यात पडेल, दोन्ही हात मोडतील, उजव्या पंजातल्या नसा दुखावतील. आणि पिक बोटांत टिकावं म्हणून तो विग चिकटवायचा गोंद लावून पुन्हा वाजवू लागेल. 2022 मध्ये हा बारही बंद होईल. यातलं काही सांगायचं नाही. काळाच्या प्रवाशाने तोंड फक्त पॉपकॉर्नसाठी उघडावं.

मध्यंतर. कानात शिट्टी वाजतेय, सदरा पाठीला चिकटलाय. तो कपाळ पुसत लोकांमध्ये मिसळतो, एका पोराला हवेत बोटं नाचवून काहीतरी दाखवतो. तुम्ही घड्याळ बघताय? अहो, इथे शेवटची लोकल चुकायची भीती नाही, सबवे रात्रभर चालते. दाढीवाले काका आपली टोपली तुमच्याकडे सरकवताहेत. घ्या.