शेखुल जामिया : एका शाळाप्रमुखाचे मन

राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. १९६७ साली ते त्या पदावर आले व ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. परंतु त्यापूर्वी, १९२६ ते १९४८ अशी बावीस वर्षे, ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख, म्हणजे ‘शेखुल जामिया’ होते. आम्हा शिक्षकांनी वाचावा असा इतिहास तो आहे. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखून वागण्याच्या शक्तीला अलीकडे ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असे भारदस्त नाव मिळाले असून १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ते जगभर पोहोचविले. झाकिर साहेबांच्या काळी या गुणाला असे नाव नव्हते. गुण मात्र होता.

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे झाली. १९२२ मध्ये असहकार थांबला, १९२४ मध्ये तुर्कस्तानातील खिलाफतच संपुष्टात आली आणि खिलाफत कमिटीकडून येणारा पैसा आटला. १९२५ मध्ये संस्था दिल्लीस करोलबागेत आली. हकीम अजमल खान कसाबसा खर्च भागवीत. अशा बुडत्या संस्थेत बर्लिनची डॉक्टरेट घेतलेला एकोणतीस वर्षांचा तरुण येऊन बसला, आणि १९२७ च्या अखेरीस हकीमसाहेबांचेही निधन झाले.

१९२८ मध्ये जामियाच्या शिक्षकांनी प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे येथेच सेवा करू व महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात हाती येई ते त्याहून पुष्कळ कमी, आणि तेही वेळेवर नाही. सर्क्युलर काढून कोणाकडून अशी प्रतिज्ञा करून घेता येईल काय? प्रमुखाच्या घरीही तीच ओढाताण आहे, हे सहकाऱ्यांना रोज दिसत होते. माझ्या मते ती प्रतिज्ञा टिकली ती यामुळे.

मुलांशी त्यांचे वागणे कसे होते, याची एक गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असेल. मुले मळके बूट घालून येत. सूचना देऊन झाल्या, फरक पडेना. एके दिवशी झाकिर साहेब स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले. मुले शरमली, व दुसऱ्या दिवसापासून बूट चकचकीत झाले, असे सांगतात. या गोष्टीची मला वैयक्तिक बोच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच कारणावरून एका मुलाला मी प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढले होते. त्याच्याकडे बुटांचा एकच जोड होता व तो थोरल्या भावाचा होता, हे मला महिन्याभराने कळले. शरम दोन्हीकडे आहे, परंतु झाकिर साहेबांनी आपली मान आधी खाली घातली.

झाकिर साहेब दहा वर्षांचे असताना वडील गेले. १९११ मध्ये प्लेगने आई गेली, तेव्हा ते इटाव्याच्या शाळेत शिकत होते. घरापासून दूर असलेल्या मुलाच्या मनाची त्यांना पुस्तकातून ओळख करून घ्यावी लागली नव्हती. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, ती कोणा नबाबाच्या हस्ते नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते!

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला तो सांगतो. प्राथमिक शाळेतील पास झालेल्या मुलांना झाकिर साहेब मिठाई वाटीत होते. शिपायाने येऊन कानात सांगितले, की धाकटी रेहाना फार आजारी आहे. ते वाटीत राहिले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला. रेहाना गेली होती. ती अवघी तीन वर्षांची. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. मागाहून कोणी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की मुले इतकी आनंदात होती, त्यांचा आनंद मोडावा असे वाटले नाही.

हा प्रसंग आपल्याकडे कर्तव्यनिष्ठेचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो इतका सरळ वाटत नाही. घरी त्या घटकेला एक आई एकटी होती. मिठाई वाटावयास दुसरा शिक्षक मिळाला नसता काय? मी स्वतः बाप झाल्यापासून हा प्रश्न मला सोडीत नाही. मन आवरणे म्हणजे मन नसणे, असा समज करून घेऊन कित्येक मुख्याध्यापक आयुष्यभर कठोर राहतात, आणि अशा वेळी दाखल्यादाखल झाकिर साहेबांचे नाव घेतात. त्यांनी या प्रसंगाचा उत्तरार्धही वाचावा. त्यांच्या बेगमसाहिबांनी पुढे सांगितले, की कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी आसवांनी भिजलेली असे.

झाकिर साहेबांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. या गोष्टी प्रथम छापल्या तेव्हा त्यांनी आपले नाव घातले नाही. लेखिका म्हणून नाव दिले ते रुकय्या रेहाना.