पृष्ठतळाची टीप : ‘वर्धा योजना’ आणि पुलगावची मुले

लेखक जिला ‘वर्धा योजना’ म्हणतो ती नई तालीम. वर्ध्याची शिक्षण परिषद २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. हस्तोद्योगातून शिक्षण, एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले. परीक्षांविषयीचे समितीचे म्हणणे मागे पडले: प्रचलित परीक्षा शिक्षणाला घातक, त्यापेक्षा ठरावीक टापूतल्या शाळांमधील निवडक मुलांची नमुना-तपासणी करून शाळेचे काम जोखावे. या योजनेत टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाचे गणितही सुतातच होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. सूत किती निघाले, सारखे आले का, कस किती, हे त्याचे त्यालाच मोजता येई. कापसाच्या मुलखातल्या पुलगावला ही मोजपट्टी परकी नव्हती. (गावच्या गिरणीत सूत यंत्रावर निघे, हे मात्र लेखक सोयीस्कर विसरतो.) आज तिथे लष्कराचे दारूगोळा भांडार आहे, बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलेही आहेत. त्यांना टकळीने जोखणे हाही अन्यायच.