खेळातील चित्र : चिताऱ्याची नजर व खेळाडूची नजर



मलकापूर-नांदुऱ्याच्या वाटेवरील वडनेर भोलजी या माझ्या गावी, माझ्याच ओसरीवर, परवा एक लहानसा वाद झाला. नातू मोबाईलवर जुन्या धर्तीचा एक जपानी खेळ खेळत होता. माझे स्नेही, निवृत्त चित्रकला-शिक्षक, तो पाहून म्हणाले, “ही कसली चित्रे? ही तर चौकोनी ठिपक्यांची रास!” नातू मान वर न करताच उत्तरला, “आजोबा, पण शत्रू कोठे आणि खड्डा कोठे, हे लगेच कळते ना?” एकाच चित्राविषयी हे दोन निवाडे. खोटा कोण? माझ्या मते कोणीच नाही. हा वाद आजचाही नव्हे. आपल्या महाराष्ट्रात त्याला सावंतवाडीच्या गंजिफांचा इतिहास आहे.

गंजिफा म्हणजे हातांनी रंगविलेली खेळाची पाने. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग व 96 पाने असत. पुढे आपल्याकडे दशावतारी गंजिफा रूढ झाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पाने, अशी एकूण 120 पाने. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याची खळ देऊन, रंग भरून, वर लाखेचा हात फिरवून ही गोल पाने सिद्ध करीत.

आता खेळाडूची अडचण पाहा. हातात पुष्कळ पाने एकावर एक सरकवून धरलेली. प्रत्येकाची केवळ कडा दिसते. त्यातच पाच रंगांत मोठा आकडा श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का श्रेष्ठ. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. एवढे भान ठेवणाऱ्यास मत्स्याच्या डोळ्यातील पाणी न्याहाळण्यास फुरसत कोठून? म्हणून प्रत्येक रंगाची भूमी निराळी, आणि मासा, कासव, परशू या खुणा ठळक. पाठी मात्र सर्व सारख्या हव्यात. एका पाठीवर डाग पडला तर डावच नासला. दरबारी पानांत बारीक कलम चाले, बाजारी पानांत चार फटकाऱ्यांत मासा होई. रसिक पहिल्याला मान देईल. पण बाजारी पानावरही डाव तितकाच रंगे.

हाच पेच पुढे यंत्राने जपानी चित्रकारांपुढे टाकला. 1981 साली ‘डाँकी काँग’ हा खेळ निघाला. त्यातील नायक शिगेरू मियामोतो यांनी मोजक्या ठिपक्यांत बसविला. केस काढणे अवघड, म्हणून टोपी. नाक उठून दिसावे म्हणून मिशी. आणि हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा पोशाख. हाच पुढे ‘मारिओ’ म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या काचेवर ठिपक्यांच्या कडाही किंचित विरघळत; आजच्या स्वच्छ पडद्यावर त्या उघड्या पडतात, हेही माझ्या स्नेह्यांनी ध्यानी घ्यावे.

आज यंत्राची ती अडचण उरलेली नाही. तरीही चित्रकार हौसेने ठिपक्यांची चित्रे काढतात. त्यांची कसोटी अशी की, एक ठिपका हलविला तर मुद्रा बदलते काय? वळणाची कडा दातेरी तर दिसत नाही? एकही ठिपका व्यर्थ गेला नाही ना? खेळाडूची कसोटी निराळी. मी हरलो तो माझ्या चुकीने, की चित्राने मला फसविले? चित्रकार स्थिर चित्र पारखतो, खेळाडू धावते. उत्तम बसविलेला ठिपका खेळाडूस वेगळा दिसतच नाही, आणि तेच त्या ठिपक्याचे यश होय. आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी घालणारीस हे सांगावयास नको. ठिपके बुजून कमळ दिसू लागले की तिचे काम झाले.

या इतिहासाची अखेर मात्र मनाला चटका लावते. स्वस्त छापील पत्ते आले आणि गंजिफा खेळणारे विरळ झाले. चिताऱ्यांची कला लोपू लागली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला आश्रय दिला. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी हिंदुस्थानभरच्या गंजिफा जमविल्या व 1982 साली त्यांवर ग्रंथ लिहिला. म्हणजे पाने वाचली ती रसिकाच्या नजरेने. त्या नजरेचे ऋण मोठे आहे. परंतु काचेआड मांडलेल्या पानाला उतारी कोणाची, हे आता कोण विचारतो? रसिकाने पाने राखली. डाव राखणे त्याच्या हाती नव्हते.

म्हणून मी त्या दोघांना एवढेच सांगितले. मास्तर, एक डाव खेळून पाहा, मग चित्राला नावे ठेवा. आणि बाळ, डाव संपल्यावर क्षणभर थांब, आणि ती मिशी किती ठिपक्यांची आहे ते मोज.

मास्तर पहिल्याच खड्ड्यात पडले. नातू अजून मोजतो आहे.