विमान वर चढताच का कोसळते? हौशी बनावटीच्या छोट्या विमानांचा धोका समजून घ्या

लोणावळा : पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडताना मावळातले लोक दरवर्षी पाहतात. त्यांना इंजिन नसते, तरी ते हवेत राहतात, कारण कापडी पंखावरून पुरेशा वेगाने वारा वाहत असतो. विमानाचेही तसेच आहे. इंजिन फक्त वेग देते, उचलून धरतो तो पंखावरचा वारा. हे गणित बिघडले तर उड्डाणानंतर मिनिटभरातही विमान कोसळू शकते.

हौशी विमान म्हणजे काय?
कारखान्यात न बनता एखाद्याने स्वतः जोडलेले विमान. महाराष्ट्रातले ठळक नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. त्यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. उड्डाणाचा परवाना मात्र २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्यात चाचणी झाली. इतकी वर्षे तपासणी कशासाठी, हे पुढे वाचले की कळेल.

ताबा कसा सुटतो?
विमानाचे नाक जास्त वर ओढले आणि पंख समोरच्या हवेला साधारण १५ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला, की हवा पंखावरून सुटते. उचल एकदम घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन चालू असतानाही स्टॉल होतो. पॅराग्लायडरचे दोन्ही ब्रेक प्रमाणाबाहेर ओढले तरी हेच घडते. एक पंख आधी पडला तर विमान गिरक्या घेत खाली येते. खूप उंचीवर असेल तर सावरता येते, शे-दीडशे मीटरवर तेवढी जागाच नसते.

मागे वळायचा मोह
उड्डाण होताच इंजिन बंद पडले, की धावपट्टीकडे परत वळावेसे वाटते. इथेच घात होतो. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे वेग जास्त हवा, आणि इंजिन नसल्याने तो कमी होत असतो. म्हणून वैमानिकाला शिकवतात : नाक खाली करा, वेग राखा, समोर जे शेत-माळरान मिळेल तिथे उतरा. विमान मोडले तरी माणूस वाचू शकतो.

हौशी विमानात धोका जास्त का?
वजन मागच्या बाजूला जास्त झाले, तर नाक आपोआप वर जाते. इंधनाच्या नळीत दोष राहिला, तर इंजिन दगा देते. शिवाय नव्या विमानाच्या सवयी कुणालाच माहीत नसतात. अशी विमाने अमेरिकेत खूप आहेत. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ च्या अभ्यासात सांगितले, की ताबा सुटणे आणि इंजिन बिघडणे ही मोठी कारणे आहेत, आणि बरेच अपघात सुरुवातीच्या उड्डाणांत होतात. विमान दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्यालाही हाच धोका असतो. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये असेच नुकतेच घेतलेले विमान उडवताना गेले. बनवणाऱ्याने इंधनाची कळ खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायला वळताना त्यांचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता.

ऊन आणि उंची
लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. उंचीवर आणि कडक उन्हात हवा विरळ होते. इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते आणि विमान सावकाश चढते.

शेतात विमान पडले तर
• ११२ किंवा १०८ वर फोन करा. गाव, वाडी, जवळची खूण सांगा.
• विडी-काडी पेटवू नका, जवळ मोटारसायकल चालू करू नका. इंधन सांडलेले असते.
• पंख्यापासून लांब राहा. काही छोट्या विमानांत रॉकेटने उघडणारे पॅराशूट असते, त्यामुळे कोणतीही दोरी किंवा मूठ ओढू नका.
• आगीचा धोका असेल तर जखमींना बाहेर काढा, नाहीतर मदत येईपर्यंत हलवू नका.
• अवशेष उचलू नका. ते जागेवर राहिले तरच अपघाताचे कारण कळते आणि पुढचा जीव वाचतो.