मीटर केबिन

मीटर केबिन : एका इमारतीतील सर्व बिऱ्हाडांचे, दुकानांचे आणि सामाईक वापराचे वीजमीटर एकत्र बसवलेली बंदिस्त जागा. मुंबईत हिला मीटर रूम किंवा मीटर बोर्ड असेही म्हणतात. लालबाग, करी रोडच्या चाळींत ‘जिन्याखाली जाऊन बघ’ एवढे म्हटले तरी पुरते. इमारतीत येणारी केबल एक, पण तिच्यातून जाणाऱ्या विजेची खाती साठ नाहीतर ऐंशी. ही फोड केबिनमध्ये होते. वीज सामाईक आणायची, मात्र एकाचा हिशेब, एकाचा दोष आणि एकाची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात पडू द्यायची नाही, एवढेच तिचे काम. जुन्या चाळीत नेमके तेच बिघडलेले असते.

पार्श्वभूमी : गिरणगावात वीज आधी गिरणीत आली आणि मग खोलीत. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, ते मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. शहरातला घरगुती पुरवठा 1905 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे होता. 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’ उपक्रम जन्माला आला. कुलाब्यापासून माहीम, शीवपर्यंतच्या घरांत आजही प्रामुख्याने बेस्टचीच वीज येते. करी रोड याच पट्ट्यात मोडते.

करी रोडच्या पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाइल रोडवर, बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) 32 चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला 20 खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची. एका चाळीत 80 बिऱ्हाडे. ही घरे आखताना फ्रिज, मिक्सर किंवा वॉशिंग मशीन कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारणच नव्हते. पूर्वेकडच्या खाजगी चाळींची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पागडीने राहणाऱ्या भाडेकरूंनी जमेल तसे, एकेक करून आपापले मीटर घेतले. प्रत्येक नव्या मीटरबरोबर तारांची नवी जोडी जिन्याच्या भिंतीवरून वर गेली आणि आधीची जोडी कोणी काढली नाही. त्यामुळे तिथला मीटर बोर्ड आखला गेला नाही, नुसता वाढला. भिंतीवर जाड वेणीसारखा दिसणारा तारांचा जुडगा हा त्याचाच परिणाम. त्यातल्या किती तारा जिवंत आहेत, हे चाळीतल्या सर्वांत जुन्या वायरमनलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

रचना : रस्त्याच्या कडेच्या पिलरमधून जमिनीखालून सर्व्हिस केबल येते. केबिनमध्ये तिला आधी मुख्य कटआउट किंवा फ्यूज असलेला मेन स्विच लागतो. त्यापुढे बसबार, म्हणजे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या : तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. जुन्या, रुळलेल्या पद्धतीत फेजच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी. बसबारवरून प्रत्येक मीटरला एक फेज व एक न्यूट्रल मिळते, मीटरमधून निघालेली जोडी एमसीबीतून (जुन्या बोर्डात चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमधून) वर खोलीच्या मेन स्विचकडे जाते. कोणत्याही दोन फेजमधला दाब सुमारे 400 व्होल्ट असतो, फेज आणि न्यूट्रलमधला 230. ऐंशी खोल्यांची वाटणी तीन फेजवर 27, 27 आणि 26 अशी करतात. म्हणूनच शेजारी उजेड आणि आपल्याकडे अंधार असला, की चाळकरी पंख्याकडे न पाहता ‘आपला फेज गेला’ असे म्हणतो, आणि बहुधा त्याचे बरोबर असते.

मीटर डोळ्यांच्या पातळीला हवा, निदान जमिनीपासून एक मीटर वर. परळ, हिंदमातासारख्या सखल भागात तर केबिनचा ओटाच उंच असावा लागतो. पावसाचे पाणी बसबारला लागल्यावर एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. 

लोड : एका खोलीत दोन ट्यूब, पंखा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री धरली, तर जोडलेला भार साधारण 2 किलोवॅट होतो. ऐंशी खोल्यांचे 160. पण सगळे एकाच वेळी सगळे लावत नाहीत. त्यातले 40 टक्के एका वेळी चालते असे मानले, तर 64 किलोवॅट, म्हणजे दर फेजला सुमारे 93 अँपिअर. आता प्रत्येक खोलीत एक एसी येऊ द्या. खोलीचा भार साडेतीन किलोवॅट होतो, आणि मे महिन्याच्या रात्री सगळे एसी एकदमच चालतात. 60 टक्के धरले तरी 168 किलोवॅट, दर फेजला सुमारे 243 अँपिअर. प्रवाह अडीच पटींहून थोडा जास्त झाला, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केबल तीच राहिली, तर ती जवळजवळ सात पट तापेल. मंजूर लोड वाढवून न घेता एसी लावणारा भाडेकरू आपल्या मते फक्त स्वतःचे बिल वाढवत असतो; तापते ती सर्वांची केबल.

सैल जोड : केबिनमधल्या आगींची चर्चा निघाली, की ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. खरा गुन्हेगार अनेकदा त्याहून गरीब दिसणारा असतो : सैल स्क्रू. एखाद्या टर्मिनलचा जोड ढिला होऊन तिथे 0.05 ओहम एवढाच रोध तयार झाला आणि त्यातून 40 अँपिअर गेले, तर त्या एका टोकावर 80 वॅट उष्णता निघते. जुन्या काळचा मोठा बल्ब बंद डब्यात रात्रभर पेटता ठेवल्यासारखे ते आहे. फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. आधी तारेचे प्लास्टिक मऊ होते, मग तपकिरी पडते, मग जिन्यात कुजक्या मासळीसारखा वास येतो. हा वास आला, की उदबत्ती लावू नये, वायरमनला बोलवावे. अ‍ॅल्युमिनियमची केबल थेट तांब्याच्या पट्टीवर आवळली असेल, तर हे लवकर घडते. दोन धातूंच्या सांध्यावर थर चढतो आणि रोध वाढतो. तिथे दुहेरी धातूचे लगच लागतात.

न्यूट्रल : चाळीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याची तार ही. ‘त्यात करंट नसतो’ हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. मुख्य न्यूट्रल तुटला, तर वीज जात नाही. उलट काही घरांत ती जास्त येते. समजा लाल फेजवरच्या खोलीत फक्त 100 वॅटचे पंखा-ट्यूब चालू आहेत आणि पिवळ्या फेजवरच्या खोलीत 1,000 वॅटची इस्त्री. न्यूट्रल नाहीसा होताच ही दोन घरे 400 व्होल्टवर एकामागे एक जोडली जातात, आणि दाबाची वाटणी उलटी होते : इस्त्रीला जेमतेम 36 व्होल्ट, पंखा-ट्यूबला सुमारे 364. एका संध्याकाळी मजल्यावरचे निम्मे टीव्ही एकदम जळतात ते असे. म्हणून न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज घालायला नियमाने मनाई आहे. जुन्या बोर्डांत मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर जोडीने बसवलेली किटकॅट अजून दिसतात. दिसली, तर न्यूट्रलच्या फ्यूजजागी सलग पट्टी बसवून घ्यावी.

दुसरा प्रकार शेजाऱ्याच्या न्यूट्रलचा. दुरुस्ती करताना वायरमन फेज बरोबर घेतो आणि न्यूट्रल जी हाताला लागेल ती. दिवा लागतो, सगळे खूश. पण खोलीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, की तो टिकत नाही, सारखा पडतो. मग ‘हे नवीन फॅड आहे’ म्हणून काढून टाकला जातो. वस्तुतः जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा नाही, एवढेच तो सांगत असतो.

सॉकेट : या शब्दाचे केबिनच्या संदर्भात दोन अर्थ होतात. अमेरिकेत मीटर हाच प्लगसारखा असतो. भिंतीवरच्या पेटीत जबडे असलेले सॉकेट असते आणि गोल, काचेच्या पुढाचा मीटर त्यात दाबून बसवतात. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत अशी सॉकेटे एका चौकटीत रांगेने येतात. मीटर ओढून काढला, की साधारणतः त्या घराची वीज तुटते आणि तारांना हात न लावता नवा बसवता येतो. आपल्याकडे ब्रिटिश वळणाचा मीटर आहे : तळाशी चार टर्मिनल, दोन येणारी व दोन जाणारी, स्क्रूने आवळलेली, वर सील केलेले झाकण. ही पद्धत आटोपशीर आहे, पण प्रत्येक मीटर बदलताना चार स्क्रू नव्याने आवळावे लागतात, आणि सैल जोडाची चार निमित्ते नव्याने तयार होतात. मीटर बदलल्यानंतरच्या आठवड्यात झाकणाला हात लावून ते तापते का, एवढे तरी पाहावे.

खोलीतले सॉकेट दोन मापांचे, 6 आणि 16 अँपिअरचे. भारतीय मानक आयएस 1293. समोरून पाहता वरचे जाड भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. लोक मोठ्याला अजून ‘पंधराचा पॉइंट’ म्हणतात. गॅलरीतल्या सॉकेटचा प्रश्न मात्र मापाचा नसून मालकीचा आहे. हळदीच्या रात्री माइक कोणाच्या मीटरवर, आणि आता इलेक्ट्रिक स्कूटर कोणाच्या? गणेशोत्सवात मंडळे मंडपासाठी बेस्टकडून तात्पुरती जोडणी आणि वेगळा मीटर घेतात. ती शिस्त बारशा-हळदीपर्यंत पोचलेली नाही. तिथे जिन्याच्या दिव्याच्या सामाईक मीटरवरच आकडा पडतो.

हद्द आणि हक्क : मीटरपर्यंत वीज कंपनीचे, मीटरनंतर ग्राहकाचे, असा रिवाज आणि नियम दोन्ही आहेत. घोळ मधल्या टप्प्यात होतो. मीटर सुटल्यापासून खोलीच्या दारापर्यंतची तार भाडेकरूची, पण ती जाते मालकाच्या भिंतीवरून, जिन्यातून, बाकीच्यांच्या तारांशी गुंफून. वीज कंपनी तिला हात लावत नाही. भाडे नाममात्र म्हणून मालक लावत नाही. आणि एकट्या भाडेकरूला आपली तार जुडग्यातून वेगळी काढता येत नाही. चाळीतली सर्वांत जुनी, सर्वांत जास्त तापलेली वायर ती हीच. हा दोष तंत्राचा कमी आणि मालकीचा अधिक. सगळ्या मजल्यांनी मिळून एकदाच नवी राइझर वायरिंग करणे, प्रत्येक जोडी वेगळ्या पाइपातून नेणे आणि दोन्ही टोकांना खोली क्रमांक लिहिणे याखेरीज त्यावर तोडगा नाही.

विद्युत कायदा, 2003 च्या कलम 43 नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही आहे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दिलीप विरुद्ध सतीश’ या प्रकरणात वीज ही मूलभूत सोय असल्याचे सांगून, मालक ना हरकत देत नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 29 मालकाला योग्य कारणाशिवाय वीजपुरवठा तोडू देत नाही. या कागदांना गिरणगावात फार वजन आहे, कारण लाइट बिल म्हणजे राहत असल्याचा पुरावा. पुनर्विकासाची यादी लागली, की आजोबांच्या नावाचे मीटर आठवते आणि नाव बदलण्यासाठी धावपळ सुरू होते.

नव्या इमारतींत केबिन स्वतंत्र खोली होते, वर जाणाऱ्या केबली शाफ्टमधून जातात आणि प्रत्येक मजल्यावर शाफ्टची पोकळी आग न पसरू देणाऱ्या साहित्याने बुजवावी लागते. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 नुसार वीजवाहिन्यांची शाफ्ट जिन्यातून जाऊ नये की जिन्यात उघडू नये. कारण उघड आहे : आग लागल्यावर माणसे त्याच वाटेने खाली येतात. ‘जिन्याखाली’ हा शब्द म्हणूनच फार कौतुकाने जपण्यासारखा नाही.

तपासणी : आपल्या खोलीचा मेन स्विच बंद करून खाली मीटरपाशी जावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लाल दिवा वापराप्रमाणे लुकलुकतो. मीटरवर युनिटला 3200 असा आकडा छापलेला असेल, तर 1,000 वॅटच्या इस्त्रीला मिनिटाला सुमारे 53 वेळा. घर बंद असताना तो पाच-दहा मिनिटे स्तब्ध राहायला हवा. तरीही लुकलुकत असेल, तर तार कुठेतरी गळते आहे किंवा दुसऱ्याची खोली आपल्या मीटरवर आहे. मग स्वतः झाकण न उघडता, सीलला हात न लावता, परवानाधारक वायरमनकडून तो मीटर नेमका कोणत्या दारापर्यंत जातो ते शोधून घ्यावे.