कात्यूशाची चाके
दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत अग्निबाण-गाडी कात्यूशाचे नाव निघाले की अग्निबाणांचीच चर्चा होते. माझ्या मते तिचे खरे बळ चाकांत होते. सुरुवातीच्या नमुन्यात बाण सोडण्याचे रूळ ट्रकवर आडवे होते. मारा करताना गाडी हिंदकळे, नेम चुके. मग झिस-६ ट्रकवर ते लांबीने बसवले: आठ रूळ, प्रत्येकाच्या वर एक, खाली एक, असे १३२ मिलिमीटरचे १६ बाण. १४ जुलै १९४१ रोजी बेलारूसमधील ओर्शा येथे कॅप्टन फ्ल्योरोव्ह यांच्या तुकडीने ते डागले. कोणी म्हणेल, शत्रूला धडकी भरली ती एकदम कोसळणाऱ्या माऱ्याने. खरेच, पण त्याच माऱ्याचा धूर आणि धुरळा गाडीचा ठावठिकाणाही उघड करी. तिथे रेंगाळणे म्हणजे मरण. म्हणूनच ८२ मिलिमीटरचे बाण टी-६० या हलक्या रणगाड्यावरही चढले आणि १९४३ पासून अमेरिकी स्टुडबेकर ट्रक १६ बाणांचा सांगाडा घेऊन चिखल तुडवू लागले.